कॅसेट खाल्ल्याचा आळ

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे, आणि सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. हसू नका! सिनेमे सगळे माझ्या पोटातून गेले हे खरं, पण टीव्ही होता माझ्या डोक्यावर आणि माझं तोंड बघणाऱ्यांकडे. मग पडद्यावरचं मला कसं दिसणार? मला दिसले ते फक्त चेहरे. तेहतीस वर्षं मी चेहऱ्यांवरूनच सिनेमे ओळखत आलो आहे, आणि माझं मत सहसा चुकत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. आधी जहाजातून आणि मग ट्रकमधून धक्के खात मी अमेरिकेच्या उत्तरेतल्या थंडगार डुलुथ शहरात पोचलो. १९८६च्या नाताळात मर्लिन ओबर्गने मला घरी आणलं. मर्लिन गोदीवर लोहखनिजाची जहाजं भरायचा आणि त्याची बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तळघरात, जुन्या सोफ्यासमोर, मला मानाची जागा मिळाली. मला घड्याळही होतं, पण ते लावायचं कसं हे मर्लिनला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे माझ्या कपाळावर कायम बारा वाजलेले.

ते दिवस फार सुखाचे होते. रविवारी दुपारी टीव्हीवर जुने सिनेमे लागत. काउबॉयचे, भुताखेतांचे, राक्षसी कोळ्यांचे. मर्लिन ते माझ्याकडून कॅसेटवर उतरवून घ्यायचा. जाहिरात लागली की बटण दाबायचा, पण नेहमी थोडं उशिरा. त्यामुळे प्रत्येक भूत तोंड दाखवण्याआधी साबणाच्या जाहिरातीचं अर्धं वाक्य यायचं, आणि उरलेलं अर्धं आर्डिस सोफ्यावरून पुरं करायची.

सिनेमा संपला की दोघं मत द्यायची. इथे तुम्हाला त्यांची भाषा समजून घ्यावी लागेल. आमच्याकडे कुणी कशाची तोंडभरून स्तुती करत नाही आणि कुणाला तोंडावर वाईटही म्हणत नाही. सिनेमा बेताचा असला तर "चालेल." अगदी काळजाला भिडला तर "वाईट नाही." आणि डोकं उठवणारा, पैसे परत मागावे असा असला तर "वेगळाच आहे." त्याच्या खाली काही नाही. मर्लिन हे मत पेन्सिलने कॅसेटच्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. तीनशेच्या वर कॅसेट होत्या, आणि 'वाईट नाही' मिळालेल्या फक्त अकरा. आर्डिस सांगायची, कार्लाचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा मर्लिन तिला हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वाईट नाही."

सहा वर्षांपूर्वी मर्लिन गेला. टीव्ही पातळ होऊन भिंतीवर चढला. माझ्या डोक्यावर धूळ बसली. रविवारी आर्डिस खाली यायची, सोफ्यावर बसायची आणि काही न लावताच वर जायची. माझं तर सोडाच, पण तिचा तो चेहरा मला बघवत नसे.

मग कार्लाने लग्न केलं, डॉमिनिकशी. हा न्यू जर्सीचा. घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा, आडदांड, आणि आवाज असा की माझे स्क्रू हलायचे. कार्ला नर्स, रविवारी तिची ड्यूटी असायची. सासूबाई एकट्या असतात म्हणून हा बाबा आपण होऊन दर रविवारी यायला लागला. येताना डीव्हीडीच्या चकत्या लावायचं एक चपटं डबडं घेऊन आला आणि ते ठेवलं कुठे? माझ्या डोक्यावर!

पहिल्याच रविवारी त्याने 'बर्फाखालचा किडा' या जुन्या सिनेमाचा नवा अवतार लावला. जुना मर्लिनच्या अकरांपैकी एक.

"काय सिनेमा आहे, आर्डिस!" संपल्यावर तो ओरडला. "जुन्यात म्हणे रबरी किडा होता. आणि हा बघा, शंभर फुटी! पोटातली माणसं हलताना दिसतात!"

"हो," आर्डिस म्हणाली. "वेगळाच होता."

"होता ना? मला वाटलंच होतं, तुम्हाला आवडणार!"

अरे देवा! मी आतल्या आत घरघरलो. पुढच्या रविवारी त्याने दुसरा आणला, भुताच्या घराचा. "वेगळाच आहे हं," आर्डिस म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. बिचारा खुशीत! ताटलीतला लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडासुद्धा तो सरळ उचलून खायचा. आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी खात नाही. अर्धा कापून अर्धा ठेवतात, मग त्याचाही अर्धा.

पण एक सांगतो. सिनेमा चालू असताना आर्डिस पडद्याकडे कमीच बघायची. ती जास्त डॉमिनिककडेच बघायची. तो दचकला की हिच्या ओठांचे कोपरे हलायचे. हे फक्त मलाच दिसत होतं.

सातव्या रविवारी कार्लाला सुट्टी होती, म्हणून तीही आली. आर्डिस कॉफी आणायला वर गेली तसं डॉमिनिक म्हणाला, "तुझ्या आईला माझी निवड फार आवडते. दर वेळी म्हणते, वेगळाच आहे."

कार्लाने कपाळावर हात मारला. "अरे डॉम, वेगळाच म्हणजे भिकार! आवडलं तर आमच्याकडे 'वाईट नाही' म्हणतात. आईला त्यातला एकही आवडलेला नाही. मागच्या आठवड्यात फोनवर पाऊण तास मला सांगत होती. एवढ्या पातळ बर्फावर गाडी कोण नेतं म्हणे, आणि एवढ्या थंडीत कुणाच्या तोंडातून वाफ कशी नाही!"

डॉमिनिक हसायचा थांबला. "सात आठवडे? मग मला सांगितलं का नाही?"

"तिच्या मते तिने सांगितलंच."

तो हळू आवाजात म्हणाला, "आपण पहिल्यांदा इथे आलो होतो, तेव्हा माझ्याबद्दल काय म्हणाली होती ती?"

कार्ला सोफ्याचा सुटलेला दोरा ओढायला लागली.

"कार्ला?"

"...वेगळाच आहे म्हणाली होती."

कॉफी खाली आली तेव्हा डॉमिनिक कोट घालून उभा होता.

पुढच्या रविवारी त्याला काम निघालं. त्याच्या पुढच्याही. आर्डिसने दोन्ही वेळा लिंबाच्या वड्या केल्या, ताटली सोफ्याजवळ ठेवली आणि जिन्याकडे कान लावून बसली. तिसऱ्या रविवारी मला वाटलं, आता ही बाई पुन्हा तशीच रिकामी बसणार. माझा जीव तुटत होता, पण मी काय करणार? माझी तर वायरही काढलेली.

तेवढ्यात ती उठली. "उफ्दा!" जड भांडं उचलताना आणि कुणाच्या मयताला निघताना ती हेच म्हणते. गुडघ्यावर बसून तिने माझी वायर लावली, चपटं डबडं बाजूला केलं, माझी धूळ बाहीने पुसली आणि मर्लिनची 'बर्फाखालचा किडा' माझ्या तोंडात दिली. किती वर्षांनी! मग तिने फोन लावला.

"डॉमिनिक? तू कामात असशील... नाही, तसं काही नाही. ते जुनं मशीन आहे ना, त्याने कॅसेट खाल्ली. मर्लिनची. बाहेरच येत नाही. घाई नाही हं, पुढच्या महिन्यात आलास तरी चालेल."

मित्रांनो, माझा संताप झाला! कॅसेट माझ्या पोटात व्यवस्थित होती. तेहतीस वर्षांत मी एका कॅसेटला ओरखडा पाडला नाही, आणि हा आळ! तोही चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणाऱ्या बाईने घ्यावा!

डॉमिनिक पंचवीस मिनिटांत आला. हत्यारांची पेटी घेऊन माझ्यासमोर बसला. त्याने माझं बटण दाबलं. कॅसेट टुणकन बाहेर आली.

आर्डिस वड्यांच्या ताटलीकडे बघत होती, कान लाल झालेले. डॉमिनिकने कॅसेट हातात घेतली. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिलं होतं, 'वाईट नाही.' त्याने ते दोनदा वाचलं. मग कॅसेट हळूच परत माझ्या पोटात ढकलली.

"हो," तो म्हणाला. "चांगलीच अडकलीय. वेळ लागेल."

"कॉफी घेशील?"

"नको, उगीच तुम्हाला त्रास."

आर्डिसने चमकून बघितलं. पहिल्यांदाच तो आमच्यासारखा नको म्हणाला होता. तिने रीतसर तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा त्याने घेतली.

त्याने माझं झाकण उघडून स्पिरिटच्या बोळ्याने आतला मळ पुसला. काय बरं वाटलं सांगू! मग त्याने टीव्हीला वायर जोडली आणि दोघांनी सिनेमा पाहिला. रबरी किड्याच्या पाठीची चेन दिसत असावी, कारण डॉमिनिक एकदा फिस्सकन हसला. साबणाची जाहिरात आली तेव्हा आर्डिसने वाक्य पुरं केलं. शेवटी म्हातारा मच्छीमार त्या किड्याला बर्फाखाली एकटा सोडून जातो, तेव्हा डॉमिनिकने नाक ओढलं.

सिनेमा संपला. तो ओरडणार म्हणून मी तयारीत होतो. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "वाईट नव्हता."

"बर्फ खरा आहे ना त्यात," आर्डिस म्हणाली. ताटलीत एकच वडी उरली होती. डॉमिनिकने ती अर्धी कापली आणि अर्धी ठेवली. ती त्याच्याकडे बघत राहिली, अगदी बराच वेळ.

"तूही काही वाईट नाहीस," ती म्हणाली.

त्याला कळलं. मी त्याचा चेहरा पाहिला ना.

तेव्हापासून दर रविवारी तो येतो. एक नवा सिनेमा त्याचा, एक जुना तिचा. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र पडलं असेल तर त्याला एकदा पुसा, वायर लावून बघा. आणि घरात कुणी "घाई नाही, सवडीने ये" म्हणालं, तर त्याच दिवशी जा.

बाकी माझं विचाराल तर त्या दुपारपासून माझं नाव खराब झालं आहे. महिन्या-दोन महिन्यांनी मी कॅसेट खातो म्हणे, आणि डॉमिनिकला मधल्या वारीही यावं लागतं. खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. पण कृपा करा, मी ठेवलं आहे तसं तुम्हीही ते पोटातच ठेवा.