हाक पोचते तिथवर

“उठताना पोराला हाक मार, नाहीतर त्याचा जीव इथंच खेळत बसेल,” असं अपो गानायनं पोसोनच्या झऱ्यावर बजावलं होतं. अपो म्हणजे आजी. गानाय साऱ्या गावाचीच आजी. लोरेनानं हसून मान डोलावली, बाळ पाठीला बांधलं आणि हाक न मारताच चालू लागली. खाली बागियो शहरात कॉलेज केलेली बाई. हद्द मोजायला आलेल्या साहेबांसमोर झऱ्याशी बोलायची तिला लाज वाटली.

तेव्हापासून आठ महिन्यांचा जेडन जो किरकिरायला लागला, तो थांबेचना. नर्स म्हणाली, दात येताहेत. लोरेनानं हिरड्या चाचपल्या, कपाळ चाचपलं, झोपेत त्याचे श्वास मोजले, मग चुकले असतील म्हणून पुन्हा मोजले. चौथ्या दिवशी दुपारी तिनं आपलं शिक्षण उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि अपोला बोलावून आणलं.

“तीन दिवस लागले तुला?” अपो पायरीवर टेकत म्हणाली. “तुझी आई चौथी शिकलेली, ती एका दिवसात आली होती.”

घरासमोरच्या दगडी चौकात सकाळपासून वेगळाच घोळ चालला होता. फिलिपिन्सच्या डोंगरातल्या त्या कंकानाय जमातीच्या गावाची वाडवडिलांपासूनची जमीन कागदावर चढायची होती. हद्दीवरच्या जागांची नावं क्रमानं हवी होती, आणि मोजणीदार संध्याकाळच्या जीपनं परत जाणार होता. वरच्या कोपऱ्यापाशी घोडं अडलं. तीन म्हातारे, तीन हद्दी. बायांगन म्हातारा तर झऱ्यापलीकडची पाइनची राईसुद्धा आत ओढत होता. एकमत झालं नाही तर मी तो कोपरा कोरा सोडून जाईन, असं मोजणीदारानं दोनदा सांगून झालं होतं. कोपरा कोरा राहिला की झरा गेला, आणि गावची सगळी भातखाचरं पोसोनचंच पाणी पीत होती.

इकडे अपोनं वाटीत भात आणि उकडलेलं अंडं ठेवलं, बाळाचं झबलं हातात घेतलं आणि नाव विचारलं. जेडन म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं. कुठला डोंगर ओळखणार हे नाव? तिनं त्याला पणज्याचं, अगपाद हे नाव लावलं आणि झबलं हलवत, सुरात हाका घालायला लागली. अगपाद, कितोंगच्या उतारावरून ये. अगपाद, दोन फणसांखालून ये. अगपाद, तालिपनच्या खडकावरून ये...

इथं तिला ठसका लागला.

“पोसोनच्या झऱ्यावरून ये,” चौकातून बायांगन बोलून गेला. भांडता भांडताच, तिकडे न बघता. बाकीच्या दोघांचेही ओठ हलत होते.

लोरेना थबकली. या तिघांवरूनही लहानपणी कुणीतरी अशीच हाक घातली होती. तिनं हळूच विचारलं, “अपो, आणि राईतून? तिथून नाही बोलवत?”

“तिथून मी कशाला बोलवू? तिथं राहिलेला जीव तालेब गावची म्हातारी बोलावते. आमच्या आज्यांपासून ठरलंय ते.”

बाळाला कडेवर घेऊन लोरेना तशीच चौकात गेली आणि मोजणीदाराला म्हणाली, यांना हद्द विचारू नका, हाक विचारा. मोजणीदार खट होता. त्यानं तिघांना तीन कोपऱ्यांत पाठवलं आणि प्रत्येकाच्या तोंडाशी कान नेऊन नावं लिहून घेतली. तिन्ही कागद सारखे निघाले. झरा आत आला. राई बाहेर गेली.

“एकदा तरी घालायचीस हाक त्या राईतून,” बायांगन कुरकुरला.

“तू हरवला होतास तिथं लहानपणी. तालेबच्या म्हातारीनं परत पाठवलं,” अपो म्हणाली. “उगाच पाठवलं.”

बायांगनसकट सगळा चौक हसला. अपोला अक्षर येत नव्हतं. तिनं आपला झरा कुठाय ते विचारलं, तेव्हा मोजणीदारानं तिचं बोट धरून नकाशावर टेकवलं. ती बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसली. मग म्हणाली, “एवढासाच?”

जेडन त्या रात्री गाढ झोपला. सकाळी त्याच्या हिरडीवर तांदळाएवढं पांढरं दिसलं. लोरेनानं ते नर्सला सांगितलं नाही आणि अपोलाही नाही.

त्यानंतर अपोनं पोसोनवरच्या खोपटात मुक्काम हलवला. रताळ्यांना रानडुकरं लागतात, हे एक निमित्त. नुसता कागद झऱ्याची राखण करत नाही, असं तिचं म्हणणं. वय ऐंशीच्या पुढे, गुडघा धरलेला, आणि खाली ये म्हटलं की ऐकूच येत नाही. लोरेनाला पुन्हा दिवस गेलेत, त्यामुळे चढण बंद. म्हणून वर जाणाऱ्या प्रत्येकाला ती विनवते, आणि तेच तुम्हालाही: त्या वाटेनं गेलात तर खोपटातून धूर निघतोय का बघा. नसेल, तर बाहेरून विचारत बसू नका, दार ढकला. कडी नाही त्याला.