डाव्या चाकातलं जादा ग्रीस

माझ्या नाकावर राग असतो, असं आमचे हे म्हणतात. असतो. पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढली. तिथे गोड बोलून कात्री वेळेवर हातात येत नाही. पण त्या दिवशी उतारावर मला राग नाही आला, मी सीटची कड गच्च धरली. यांनी ब्रेक दाबला आणि मागे जोडलेली आमची बंगली उजवीकडे ओढ घ्यायला लागली.

बंगली म्हणजे आमचं चाकांवरचं घर. गाडीच्या मागे जोडायचं आणि ओढत न्यायचं. चाकं दोनच, पण आत पलंग, दोन बर्नरची शेगडी, बेसिन, आणि बसलं तर गुडघे दाराला टेकतील एवढी मोरी. निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतली. हौस यांची. मी पहिल्या वर्षी कुरकुर केली, दुसऱ्या वर्षी गप्प झाले आणि तिसऱ्या वर्षी घरी परतायचं नाव निघालं की माझंच तोंड उतरायला लागलं. सकाळी पडदा सारला की रोज नवीन काहीतरी. कधी तळं, कधी पेट्रोल पंप, कधी कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे. मला तिन्ही सारखीच आवडतात. हे चाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करायचे, त्यामुळे बंगलीत काही बिघडलं की यांची कळी खुलते. पाण्याचा पंप धापा टाकायला लागला की गाळणी काढून धुणार, मागचा दिवा लुकलुकला की वायरीचं टोक घासून पुन्हा बसवणार. मी तोवर चहा टाकते. असं आमचं झकास चाललेलं असतं.

गेल्या खेपेला मात्र यांच्या हातून एक चूक झाली. मुक्कामाला बंगली हलू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय खाली सोडायचे असतात. निघताना त्यातला एक वर घ्यायचा राहिला. तोही नेमका लेकीच्या दारात, तिच्या डोळ्यांदेखत. पाय फरफटला, वाकला, आणि सगळी गल्ली खिडकीत आली.

आमची लेक विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून तिला जगात चेपण्यासारखंच सगळं दिसतं. लहानपणापासून हेडमास्तरीणच आहे ती. तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं की बाबा विसरायला लागलेत, आणि रस्त्यावर विसरणं म्हणजे घरी चष्मा विसरण्यासारखं नाही. पुन्हा एकदा जरी असं काही झालं, तर बंगली विकायची. माझ्याकडून शब्द घेतला तिनं. मीही दिला, कारण तेव्हा मलाही भीती वाटली होती.

तेव्हापासून आठ महिने मी यांच्या मागून फिरत होते. यांनी गॅसचा नॉब बंद केला की हे वळायची वाट बघायची आणि हात लावून बघायचा. पाय वर घेतले की केर टाकायच्या निमित्तानं चारी कोपरे बघून यायचं. जोडाची पिन, मागचे दिवे, खिडक्यांच्या कड्या, यांच्या गोळ्यांची डबी, सगळं. एकदा पाण्याच्या टाकीचं झाकण बघताना यांनी मला पकडलंच होतं, तर मी म्हटलं की पाल दिसली. हेच मग अर्धा तास पाल शोधत बसले.

तर ग्रीसचं काय झालं ते सांगते. चाकाच्या मधोमध एक टोपी असते. ती काढली की आत ग्रीस भरायचं तोंड असतं. ग्रीसगन लावायची आणि बेताबेतानं दाबायची. आत बेअरिंगला ग्रीस कमी पडलं तर चाक तापतं, जळतंसुद्धा. लांबच्या प्रवासाआधी हे स्वतः भरतात. यंदा लेकीकडे जायला चार दिवसांचा रस्ता होता. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी हे आडवे झाल्यावर मी गुपचूप खाली गेले आणि डाव्या चाकाची टोपी बघितली. लख्ख! बोट फिरवलं तर बोटाला काही लागेना. झालं, मला वाटलं की विसरले. आता यांना जाऊन विचारलं असतं तर एका वाक्यात भागलं असतं. पण विचारायचं म्हणजे ‘तुम्ही विसरलात का’ असंच विचारायचं, आणि ते माझ्या जिभेवर येईना. मी ग्रीसगन घेतली आणि हात दुखेपर्यंत दाबली. जेवणाआधी यांनी बंगली सरकवून भिंतीला लावली होती, त्यामुळे उजव्या चाकाशी गन जाईना. म्हटलं, वाटेत कुठेतरी संधी साधू. तीन दिवसांत ती संधी काही मिळाली नाही. तीन दिवस मी उजवं चाक मांडीवर घेऊन बसल्यासारखी बसले होते.

आणि तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला, उतारावर, बंगली उजवीकडेच ओढायला लागली.

उतार संपला तिथे ट्रक थांबवायची मोठी मोकळी जागा होती, कडेला पत्र्याची शेड आणि एक नळ. यांनी शांतपणे गाडी आत घेतली. उतरून चाकांजवळ हाताची पालथी बाजू धरली. डावं चाक कोमट होतं. उजव्याजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. कोरडंच राहिलं, मी मनात म्हटलं. हे विसरले, आणि मला माहीत असून मी गप्प बसले. एखाद्या वळणावर चाक निखळलं असतं तर?

यांनी चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले, जॅक लावला, उजवं चाक काढलं आणि निवल्यावर आतला ब्रेकचा ड्रम खोलला. मी डोळे मिटून घ्यायच्या बेतात होते. आत ग्रीस होतं. भरपूर, स्वच्छ, जिथे हवं तिथेच. बेअरिंग कसं लोण्यात ठेवल्यासारखं. यांनी मान हलवली आणि म्हणाले की हे बिचारं आजारी नाही, दमलंय. दोघांचा ब्रेक हे एकटंच लावत होतं. मग यांनी उजवं चाक पुन्हा बसवलं आणि डाव्याकडे गेले.

डावा ड्रम निघाला आणि आतून ग्रीसचा गोळाच बाहेर आला. मागचं रबरी सील फाटून ग्रीस आत शिरलं होतं, चाक धरून थांबवणाऱ्या ब्रेकच्या लायनरना माखलं होतं. तेल लावलेल्या हातानं बरणीचं झाकण फिरवायला जावं, तसं ते चाक नुसतं गुळगुळीत फिरत होतं. अति तिथे माती म्हणतात, ती ही अशी. माझी माती.

यांनी बराच वेळ त्याकडे बघितलं. मग बंगलीच्या पायरीवर बसले आणि चिंधीनं एकेक बोट पुसायला लागले.

"यात दोनदा भरलंय," हे म्हणाले. "सकाळी भरलं ते आठवतंय. टोप्या पुसल्या, तेही आठवतंय. दुसऱ्यांदा कधी भरलं, ते काही केल्या आठवत नाही गं."

मी उभी होते. यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये उतरताना न घाबरलेला माणूस, स्वतःच्याच डोक्यात उतरायला घाबरत होता.

तेवढ्यात फोन वाजला. हेडमास्तरीण. रोज दुपारच्या सुट्टीआधी तिचा फोन येतो, कुठवर पोचलात, किती थांबलात. यांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही.

"सांग तिला," म्हणाले, "की तिचंच बरोबर आहे. तिच्या दारापर्यंत बंगली पोचवू कशीबशी, आणि तिथूनच विकून टाकू."

बंगली विकली गेली असती तर मी रडले असते, धायमोकलून रडले असते, हे खरं आहे. पण तेव्हा बंगली माझ्या डोक्यातही नव्हती. एक शहाणा माणूस माझ्यामुळे स्वतःला वेडा समजत होता, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते. मी फोन उचलला, स्पीकर लावला आणि पायरीवर यांच्या शेजारी ठेवला.

माझ्या हॅलोवरूनच लेकीनं ओळखलं. बाबा काय विसरले, असंच विचारलं तिनं, पहिल्याच वाक्यात.

"बाबा काही विसरले नाहीत," मी म्हटलं. "चूक माझी आहे. त्यांनी भरलेल्या चाकात मी पुन्हा ग्रीस भरलं, त्यांना न विचारता. आठ महिने त्यांच्या मागून सगळं तपासत फिरतेय मी, चोरून. तुला शब्द दिला होता म्हणून."

मग लेकीनं तिच्या पद्धतीनं प्रश्न विचारायला सुरुवात केली, कुठे आहात, चाक निघालं का, मेकॅनिक मिळेल का. मी तिला सांगितलं की मेकॅनिक पायरीवर बसलाय, त्याचं माझ्याशी काम आहे, आणि फोन बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा फोन आधी ठेवला असेन.

हे माझ्याकडे बघत नव्हते. समोर नळावर एक ट्रकवाला बादली भरत होता, त्याच्याकडे बघत होते. मी आपणहूनच सांगायला लागले. गॅस, पाय, पिन, दिवे, कड्या. गोळ्यांच्या डबीशी आले तेव्हा आवाज बारीक झाला. पालीचंही सांगितलं. म्हटलं, आमच्या थिएटरात कापसाचे बोळे दोघींनी मोजायचे असा नियमच असतो, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. बोलता बोलता माझं मलाच कळलं की तिथे दुसरी मोजते ती पहिलीच्या समोर, मोठ्यानं. पाठीमागून कुणी मोजत नाही.

"आणि किती वेळा सापडलो मी?" यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आठ महिने तपासलंस. माझं चुकलेलं किती वेळा सापडलं?"

मी आठवायला लागले. खरोखर मनापासून आठवलं, कारण खोटं बोलायची आता सोय नव्हती. एकदा खिडकीची कडी उघडी होती, पण ती भाजी करपली म्हणून मीच उघडली होती. बाकी रोज नॉब बंदच असायचा. पिन जागेवर असायची. पाय वर असायचे. दररोज सगळं ठीक बघून मी हुश्श करायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घाबरायचे. ठीक असलेलं मी एकदाही मोजलं नव्हतं.

"एकदाही नाही," मी म्हटलं.

यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. भांडणात माझा हात कुणी धरू शकत नाही. पण हे पुन्हा चिंधीनं बोटं पुसायला लागले. मी आत जाऊन चहा टाकला, दुसरं काही सुचेना. चहा घेऊन आले तर यांचे खांदे हलत होते. जवळ जाऊन बघते तर काय, हसत होते.

"पाल," म्हणाले. "अर्धा तास पलंग उलटापालटा केला मी."

मग मीही हसले, आणि हसता हसता रडलेसुद्धा, चहा हातात असल्यामुळे डोळे पुसायची पंचाईत. यांनी कप घेतला आणि म्हणाले की मलाही भीती वाटते गं, त्या पायाच्या दिवसापासून. म्हणून एकेक गोष्ट दोनदा बघतो. म्हणजे बंगलीची प्रत्येक कडी दिवसातून तीनदा तपासली जात होती, आणि दोघांपैकी एकालाही स्वस्थ झोप नव्हती.

नवे लायनर आणि सील यांच्याकडे होतेच. पलंगाखाली तो खोका दोन वर्षं माझ्या पायाला लागत होता आणि मी त्याला नावं ठेवत होते. दीड तास आम्ही दोघं मिळून ते चाक धूत बसलो. जुने लायनर काढले, ड्रम ग्रीस काढायच्या फवाऱ्यानं धुऊन कोरडा केला, नवे लायनर यांनी बसवले. बसवायची वेळ आली तेव्हा यांनी बेअरिंग माझ्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला झाले. मी म्हटलं, अहो, मला येणार आहे का? म्हणाले, गन दाबता येते तर बाकीचंही येईल. टोमणा होता तो, मी मुकाट्यानं गिळला.

यांनी सांगितलं तसं बेअरिंग बसवलं, ग्रीस बेतानं भरलं, सील ठोकून घेतलं, ड्रम चढवला. नट घट्ट करून किंचित सैल सोडला, पिन घातली, तिची टोकं वाकवली. टोपी बसवली. चाक लावलं, चारी नट पान्यानं आवळले. पाठ मोडून गेली. हात कोपरापर्यंत काळे, आणि मनातून इतकी खूश की काय सांगू. जॅक उतरवून मी बाजूला झाले, हे आता वाकून बघतील म्हणून.

हे नळावर गेले, हात धुतले, ठोकळे उचलून आत टाकले आणि सरळ गाडीत जाऊन बसले.

मी पाना हातात घेऊन तशीच उभी. खिडकीशी जाऊन विचारलं, "अहो, बघणार नाही का एकदा?"

"तू लावलंयस ना?" हे म्हणाले, आणि गाडी सुरू केली.