पोटावरचा दगड

दगड वर गेला... खाली आला. बोदलकशाच्या तलावाकाठी शाळेच्या सहलीत तिनंच वेचलेला, चपटा, एका कडेला पांढरी रेघ असलेला दगड योगेश्वरीच्या पोटावर होता, आणि रेणू मॅडम सतरंजीवर निजलेल्या तिसरीच्या मुलांमधून हळू चालत म्हणत होत्या, "डोळे मिटा. फक्त श्वास बघा. दगड डुलू द्या."

डोळे मिटले की कालची धानाची बांधी दिसत होती.

मागच्या आठवड्यात असंच निजलेलं असताना मॅडम तिच्या कानाशी वाकल्या होत्या — छातीत काऊन धडधडते बाळा? सांग, इथलं इथंच राहील — आणि तिनं सांगितलं होतं. माय भिंतीकडे तोंड करून पडून राहते, जेवत नाही, माझी वेणी घालत नाही. शाळेतून घरी जाताना वाटते, आज माय मेलेली दिसल. एवढं बोलल्यावर दगड किती हलका झाला होता!

आणि मॅडमनी ते गोरेगावच्या बाजारात गिरजा आजीला सांगितलं. भल्यासाठीच सांगितलं असेल... मोठी माणसं सगळं भल्यासाठीच करतात. पण आजीच्या पोटात काही राहतं का? काल रविवारी बांधीत रोवणा चालू होता, बाया चिखलात वाकून धानाची रोपं लावत एका ओळीत मागं सरकत होत्या, आणि आजीनं या टोकाला सोडलेली गोष्ट रोपांच्या आधी त्या टोकाला पोचली. बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसलेल्या योगेश्वरीनं ती गोष्ट तोंडोतोंडी जाताना ऐकली.

"का वो गिरजाबाई, सून जित्ती आहे ना? नात तं आतापासूनच रडून राहिली!"

सगळी ओळ हसली. आजीसुद्धा.

आज सकाळी माय उठली. किती दिवसांनी उठली — योगेश्वरीला आनंद व्हायला हवा होता. मायनं तिला पुढ्यात बसवलं, डोळे ताणले जातील इतकी घट्ट वेणी घातली, आणि मागूनच म्हणाली, "मॅडमले सांगतलंस. मले नाही."

"तू झोपून राहत होतीस ना, माय..."

"कान तं उघडे होते."

मग काही न खाता, डोक्यावर पदर ओढून ती रोवण्याला गेली. आत्ता त्याच ओळीत वाकली असेल... कोणी हसत असेल...

धडधड सुरू झाली. दगड थरथरला, आणि मॅडमची पावलं जवळ आली. दगड थरथरला की मॅडम वाकतात, वाकल्या की विचारतात. योगेश्वरीनं मॅडमनीच शिकवला तसा श्वास हळू घेतला, हळू सोडला. दगड वर... खाली.

"शाब्बास योगू! बरं वाटते ना आता?"

"हो मॅडम."

पावलं पुढे गेली. दगड छान डुलत राहिला. त्याच्याखाली, खूप आत, धडधड तशीच चालू होती आणि बाहेरून कोणालाच कळत नव्हती. डोळे मिटलेलेच ठेवून ती भिंतीकडे वळावं तशी मनातल्या मनात वळली — मायही अशीच पडून राहत होती का... सगळं ऐकत, श्वास नीट घेत?