सातव्या वेळी

हेडफोन कानांवर बसवताना कानसेनांनी उगाचच चष्मा सारखा केला.

रेडिओवर ध्वनिमुद्रक म्हणून तीस वर्षं काढलेल्या या माणसाला श्रोतृमंडळात सगळे कानसेनच म्हणत. तबकडीच्या आवाजाला ऊब असते, डिजिटलमध्ये ती मरते, हे त्यांचं ठाम मत. हे सगळे मनाचे खेळ, हे मास्तरांचं. गणिताचे मास्तर त्यांचे शाळेपासूनचे मित्र. दोघांचं भांडण ऐकून कंटाळलेल्या मंडळानं आज सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं होतं. मास्तर पडद्यामागून एकच गाणं कधी तबकडीवरून, कधी संगणकावरून लावणार, कानसेनांनी ओळखायचं. दहा वेळा.

महिन्यापूर्वी सून अर्धा तास दार वाजवत उभी होती. "डोळा लागला होता," असं कानसेन म्हणाले होते. डोळा लागला नव्हता.

पहिल्या वेळी गाणं लागलं. दुसऱ्या वेळीही तेच, तसंच. समोर वीस माणसं बघत होती. कानसेन डोळे मिटून, मान डोलवून, अंदाजानं उत्तरं ठोकत गेले. शर्ट पाठीला चिकटला होता.

सातव्या वेळी काहीच आलं नाही.

त्यांनी वाट पाहिली. आत नुसती छाती धडधडत होती. इथेच, सगळ्यांसमोर?

"तबकडी," ते म्हणाले.

आठव्या वेळी गाणं परत आलं, तेव्हा त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

मास्तर कागद घेऊन बाहेर आले. "दहापैकी नऊ," ते म्हणाले. "हरलो बुवा मी."

टाळ्या पडल्या. जिन्यात कानसेनांनी मास्तरांचा दंड घट्ट धरला.

"खरं सांग."

"चार."

"मग खोटं का बोललास?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "सातव्या वेळी माझ्या हातून स्विच मधेच राहिला. काही वाजतच नव्हतं. तू ओरडशील म्हणून थांबलो, तर तू म्हणालास, तबकडी."

कानसेन पायरीवर मटकन बसले. हसावंसं वाटलं, पण ओठ वळेनात.

"मला वाटलं, गेले कान."

मास्तर शेजारी टेकले.

"कधीपासून रे?" त्यांनी विचारलं, आणि कानसेन नुसतेच बघत राहिले, तेव्हा पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.