स्नेही नको

“पुन्हा ऐकव बरं,” वहिनी म्हणाली.

ऑपरेटरबाईंनी बटण दाबलं. कॉम्प्युटरमधला आवाज म्हणाला, “येत्या सभेपासून मतदानाचा हक्क फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना राहील. इतर सभासद समूहाचे ‘स्नेही’ मानले जातील.”

“म्हणजे तुला काढलं.”

“काढलं नाही गं. आतल्या खोलीतून उठवून बाहेरच्या बाकावर बसवलं.”

बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांना एकवीस वर्षं झाली होती. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम ठिकठिकाणच्या हौशी लोकांच्या एका समूहाने बनवलेला. कुणालाही फुकट, कुणीही उघडून सुधारावा असा. सुरुवातीला तो ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणायचा. बाईंची पहिली तक्रार त्या ‘ळ’ची. तेव्हापासून नऊ वर्षं जेवणाच्या सुट्टीत, डबा अर्धा टाकून, त्या समूहाला चुका कळवत आल्या होत्या.

“एवढं करून तुला मिळालं काय?” वहिनीने विचारलं. सुरात टोमणा नव्हता, म्हणूनच प्रश्न जास्त लागला.

रविवारी कॉम्प्युटरवरच सभा भरली. अध्यक्ष पेशाने इंजिनिअर, बोलायला गोड. “आता स्नेह्यांच्या वतीने बाई आभाराचे दोन शब्द बोलतील.”

“आभार कशाचे?” बाईंनी विचारलं.



“तुमच्याबद्दल आदरच आहे, बाई,” अध्यक्ष म्हणाले. “पण निर्णय तांत्रिक असतात...”

“तुमचा प्रोग्रॅम आकड्यातलं दशांशचिन्ह गिळत होता, आठवतं? औषधाचा डोस अडीच लिहिलेला, मला पंचवीस ऐकू आला. वॉर्डला तोच निरोप देणार होते मी. शंका आली म्हणून डॉक्टरांना परत फोन लावला. तुमच्यापैकी कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं, कारण तुम्हाला पडदा दिसतो.”

“हा मुद्दा आपण नोंदवून घेऊ...”

“मीच नोंदवलाय, चार वर्षांपूर्वी. दुरुस्तही झालाय. मला स्नेही करू नका हो, स्नेही मला पुष्कळ आहेत. मत देता येणार असेल तर बसते, नाहीतर ही निघाले.”

नवा नियम ठेवायचा का, यावर मतदान झालं. छत्तीस विरुद्ध अकरा. बाई हरल्या, आणि तिथल्या तिथे त्यांनी राजीनामा धाडला.

“सुटलीस एकदाची,” वहिनी म्हणाली.

“सभासदत्व सोडलंय, प्रोग्रॅम नाही. तो सगळ्यांचा आहे असं त्यांनीच लिहून ठेवलंय ना? मग माझाही आहे.”

गुरुवारी संध्याकाळी समूहातल्या माणसांशी गप्पा व्हायच्या, त्या मात्र तुटल्या. कुणाचा खोकला, कुणाच्या घरातला पोपट, सगळं त्यांना आवाजाने पाठ होतं. पुढचे काही गुरुवार त्यांचा हात आपोआप हेडफोनकडे गेला आणि मागे आला.

महिन्याभराने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. ती तारखा उलट वाचत होती. दिवस महिन्याच्या जागी, महिना दिवसाच्या. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी तक्रारीचा अर्ज उघडला आणि चूक उदाहरणासकट लिहिली.

“सभासद क्रमांक,” आवाज म्हणाला. “हा रकाना भरणं आवश्यक आहे.”

बाईंनी रकान्यात लिहिलं, ‘सभासद नाही.’ अर्ज पाठवला.

तेवढ्यात बोर्ड वाजला. त्यांनी पाठ ताठ केली आणि फोन उचलला.

“नमस्कार, इस्पितळ. बोला.”