गवताची काडी

जावयाने स्टोव्ह सपाट दगडावर ठेवला, मोजून चार झाकणं स्पिरिट ओतलं आणि काडी लावली. सासरेबुवांनी मान वळवली, पण डोळे तिथेच राहिले.

शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा स्टोव्ह करावा तर सासरेबुवांनीच, असं घरात पंचवीस वर्षं मानलं जात होतं. सगळं आयुष्य कारखान्यात लेथ मशीनवर काढलेला माणूस. लेक सात वर्षांची असल्यापासून प्रत्येक डोंगरावर त्यांच्याच स्टोव्हवर चहा झाला. यंदा जावयाने स्वतःचा करून आणला होता. चोवीस भोकं, सगळी एकसारखी. त्यांच्या स्टोव्हला सोळा होती आणि त्यातली दोन तिरकी.

"बाबा, याच्यावर पाणी लवकर उकळतं," लेक म्हणाली. "तुमचा या वेळी सॅकमध्येच राहू दे."

"राहू दे की," ते म्हणाले. सॅकमधून अर्धा बाहेर काढलेला आपला स्टोव्ह त्यांनी परत आत ढकलला.

पहिला चहा वाटून झाला. आणखी पाणी आणायला लेक पातेलं घेऊन ओढ्याकडे गेली. ऊन लख्ख पडलं होतं, आणि अशा उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. जावयाने स्टोव्हकडे वाकून पाहिलं.

"विझला वाटतं," असं पुटपुटत त्याने बाटलीचं झाकण काढलं.

सासरेबुवांना दिसत होतं. ज्योत नव्हे, तिच्यावर थरथरणारी हवा. जळत्या स्टोव्हमध्ये स्पिरिट ओतलं तर बाटलीच हातात पेटते. एक शब्द पुरला असता. त्यांनी कप तोंडाला लावला. होऊ दे जरा फजिती, कळू दे चोवीस भोकांची किंमत.

बाटली कलता कलता थांबली. जावयाने ती परत खाली ठेवली, वाळलेल्या गवताची एक काडी तोडली आणि स्टोव्हवर धरली. काडीचं टोक वळलं, काळं पडलं, पेटलं.

"अजून जळतोय की," तो हसला. "हिने लग्नाआधीच शिकवलंय. काडी धरल्याशिवाय ओतायचं नाही, बाबांचा नियम आहे म्हणे. आणि मी विसरलो असतो, तरी तुम्ही समोर होतातच."

"हो," सासरेबुवा म्हणाले. कप अजून तोंडाशीच होता.

लेक भरलेलं पातेलं घेऊन जावयाच्या मागे उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. ती स्टोव्हकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती. तिने पातेलं खाली ठेवलं, दोघांच्या मधली बाटली उचलली, झाकण घट्ट लावलं आणि ती आपल्या बाजूला ठेवून दिली.