पाठवणीचा पत्रा

भिमाजीने गंजलेल्या स्क्रूवर तेलाचे थेंब सोडले आणि पेचकस दाबून धरला. बँडच्या गाडीवरचा हा शेवटचा पत्रा राहिला होता. बाकीचे गोरखच्या पोरांनी पहारीने उचकटून शिनोलीच्या रस्त्याकडेला रचले होते. ह्याला मात्र त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता.

"आबा, लई जपून चाललंय," गोरख म्हणाला. बाप गेल्यापासून गाडी आणि बँड त्याचेच होते. "सासुरवाडीचा आहेर हाय का काय?"

"पहार लावू नगं म्हंजे झालं."

"न्या की घरी. आता स्क्रीन बसतोय. गाणं बदललं का चित्र आपोआप बदलतंय. तुमचा जलम गेला त्यात."

तो हसला, पण बोलला ते खोटं नव्हतं. एकेका गाण्याला एकेक चित्र, ही हौस त्याच्या बापाची आणि रंग भिमाजीचे. बँड तालमीला बसला की भिमाजी कोपऱ्यात बसून ऐकायचा आणि ते गाणं त्याला जसं दिसेल तसं पत्र्यावर उतरवायचा. पुढे लोक गाण्यांची नावंच विसरले. "मोर वाजवा," म्हणायचे, "होडी वाजवा," म्हणायचे. कुणी "पाठवणी" म्हटलं की बायका सूर लागायच्या आधीच पदर डोळ्यांना लावायच्या.

पाठवणीचं चित्र काही केल्या जमत नव्हतं. शेवटी त्याने बायकोला दारात उभं केलं आणि क्लॅरिनेटवाल्या चांगदेवाला अंगणात ते गाणं वाजवायला लावलं. कुशाबाई आधी लाजली, मग चिडली. "तव्यावरची भाकर करपंल," म्हणाली. सूर चढला तशी ती गप्प झाली आणि तळेघरच्या वाटेकडे, माहेराकडे, बघत राहिली. ते तोंड भिमाजीने ह्या पत्र्यावर घेतलं.

कुशाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून तो बँड वाजतो तिथे थांबत नसे. मतदानाच्या कार्डावर तिचा फोटो होता, पण तो कुणाचाही असावा असा. अलीकडे त्याला तिचं तोंड आठवेनासं झालं होतं. डोळे मिटले की लुगडं दिसे, हात दिसत. त्याच्या वर काही नसे. म्हणून तो आज आला होता.

स्क्रू सुटला. पत्रा खाली घेऊन त्याने सदऱ्याच्या बाहीने धूळ पुसली. बाई दारात उभी होती. लुगडं तेच, बांगड्या त्याच. तोंड दुसरंच होतं. गोरं, गुळगुळीत, टीव्हीवरच्या बाईचं.

"हे कुणी केलं?"

स्क्रीनची चौकट ठोकत असलेला बहिरू पुढे आला. रंगकाम तो भिमाजीच्याच हाताखाली शिकला होता.

"मीच, आबा. लई दिवस झाले. गिऱ्हाइकं म्हनायची, बाई जुनाट दिसती. मंग मालक म्हनले, हिरॉईन काढ."

"माझा बाप म्हनला व्हता," गोरखने घाईने सांगितलं.

भिमाजी पत्रा मांडीवर घेऊन तिथेच बसला.

"वरचा रंग निघंल. खाली माझा हाय. थिनर आन."

"आबा, ऐका तरी..."

"आन म्हनतो ना."

बहिरूने बाटली आणली. भिमाजीने चिंधी भिजवली आणि आजारी माणसाचं तोंड पुसावं तशी गालावरून हळू फिरवली. गोरा रंग चिंधीला येऊ लागला. खाली राखाडी पत्रा दिसला. त्याने कपाळ पुसलं, डोळे पुसले. तिथेही पत्राच.

"आधी सगळं घासून काढलं व्हतं मी," बहिरू खाली मान घालून म्हणाला. "पॉलिश पेपर मारून, पार पत्र्यापोतर. जुन्यावर नवा चढवला तर पोपडे धरत्यात, तुमीच सांगायचा."

भिमाजीने त्या जागेवरून बोट फिरवलं. कुठेच खरखर लागली नाही.

"चोख केलंस," तो म्हणाला. "कनभर ठेवला नाईस."

मग गुडघ्यावर हात देऊन तो उठला आणि पत्रा नेऊन बाकीच्या पत्र्यांवर ठेवला.

"आबा, न्यायचा नाय का?" गोरखने विचारलं.

"नगं. तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला व्हईल."